गाव हलले, बाजार हलला : उजनीकाठचा धंदा कोठे चालला आहे?

कापड दुकानदाराला शिरगणतीची वाट पाहावी लागत नाही. कोणत्या गावात माणसे वाढली, कोणत्या गावातून उठून गेली, बाहेरून कोण आले, हे त्याला उधारीच्या वहीवरून आणि फळीवरच्या मालावरून आपोआप कळते. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या दुकानात नऊवारी लुगड्यांच्या चार फळ्या होत्या. आज एक आहे आणि तीही अर्धी रिकामी. तिच्या शेजारच्या फळीवर आता लुंग्या, गमछे आणि मच्छरदाण्या आहेत. लुंगी-गमछा हा काही करमाळा-माढ्याच्या शेतकऱ्याचा पोशाख नव्हे. मग हा माल कोण नेतो? या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा उजनीकाठच्या गावांचे जे चित्र दिसले ते या पानाच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. आपल्यापैकी पुष्कळांचा धंदा याच गावांवर चालतो, आणि गावे जागेवर राहिलेली नाहीत.

सरकारी आकडा पाहू गेल्यास सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३८ लाख ४९ हजार होती, २०११ मध्ये ती ४३ लाख १७ हजार झाली. त्यानंतर शिरगणती झालेली नाही, ती आता २०२७ मध्ये पुरी व्हायची आहे. म्हणजे हाती असलेला आकडा फार जुना, आणि तोही जिल्ह्याचा. धरणाच्या पाण्याला लागून असलेल्या पट्ट्यात काय घडले ते त्यात दिसत नाही.

नव्या वाचकांसाठी थोडी माहिती. भीमा नदीवर माढा तालुक्यात उजनी गावाजवळ हे धरण बांधले गेले. काम १९६९ च्या सुमारास सुरू होऊन १९८० साली पुरे झाले. जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. एकूण साठा ११७ टीएमसी, पैकी ६३ टीएमसीहून जास्त मृत साठा. म्हणजे अर्ध्याहून अधिक पाणी हिशेबात ‘मेलेले’, पण काठच्या शेतकऱ्याला विचाराल तर तो म्हणेल की आमचे पोट त्या मेलेल्या पाण्यावरच भरते. पाणी सोलापूरच्या माढा-करमाळ्यात, पुण्याच्या इंदापूर-दौंडमध्ये आणि अहिल्यानगरच्या कर्जत तालुक्यात पसरले आहे. एक तलाव आणि तीन जिल्हे. म्हणून तक्रार घेऊन जायचे तर आधी कोणत्या कचेरीत, हेच कळत नाही.

आम्ही स्वतः धरणग्रस्ताच्या घरातले. आमच्या वडिलांचे, मरहूम अब्बांचे, कापडाचे दुकान करमाळा तालुक्यातल्या नदीकाठच्या एका बाजारगावात होते. त्या वेळी पुणे-सोलापूर रेल्वे डिकसळचा पूल ओलांडून पोमलवाडीवरून जेऊरकडे जाई. सोलापूरच्या चादरी, सतरंज्या, इचलकरंजीचे धोतरजोडे यांच्या गाठी पोमलवाडीच्या स्टेशनात उतरत आणि तेथून बैलगाडीने दुकानात येत. धरणाचे पाणी येणार म्हणून रूळ उचलून वरच्या अंगाला नेले. डिकसळचा इंग्रजी अमलातला रेल्वेचा पूल मग मोटारींच्या रस्त्याला दिला गेला. स्टेशन गेले तसा बाजार गेला. पाणी तर नंतर आले.

आम्ही सात-आठ वर्षांचे असू. घराची कौले उतरवून गाडीत भरताना एक गोष्ट पाहिली ती आजतागायत विसरलो नाही. अब्बांनी दुकानाच्या दाराची चौकट काढून घेतली, पण उंबरा काढेना. शेवटी तो तसाच राहिला. पुढे दुष्काळात पाणी हटले की ते म्हणत, आपला उंबरा बघून येऊ. पळसदेवचे जुने देऊळ पाणी उतरले की उघडे पडते आणि ते पाहायला लोक लांबून येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेले तेव्हाही गर्दी झाली. आमच्या गावाच्या जागी मात्र गाळाशिवाय काही दिसले नाही.

नुकसानभरपाईची गोष्ट आमच्या समाजाच्या दृष्टीने जरा खोलात जाऊन सांगणे जरूर आहे. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा १९७६ चा. त्याचा पाया जमीन. ज्याची जमीन गेली त्याला लाभक्षेत्रात जमीन, ज्याचे घर गेले त्याला नव्या गावठाणात प्लॉट. ठीक आहे. पण पिंजारी, मणेर, अत्तार, तांबोळी, शिकलगार, शिंपी, कल्हईवाला यांची जमीन होती कोठे? त्यांची पुंजी म्हणजे गिऱ्हाईक. वीस गावांतले लोक ज्याला नावाने ओळखतात असा पिंजारी, त्याची ती ओळख पाण्याखाली गेली आणि तिचा पंचनामा कोणी केला नाही. एका ठिकाणचे गाव चार ठिकाणी वसले. वांगी नंबर एक, दोन, तीन आणि केत्तूर एक, दोन ही नावे आपण रोज घेतो, पण त्यामागे काय आहे याचा विचार करत नाही. मूळ गावात जो एक शिंपी पुरत होता त्याला चार वांग्यांत चार जागी बसता येईना. (आमचे पार्सल आजही कधी कधी चुकीच्या वांगीला जाते, ती गोष्ट वेगळी.) त्या दहा वर्षांत आमच्या नात्यातली कित्येक घरे सोलापूरच्या यंत्रमागावर, पुण्याच्या भवानी पेठेत आणि भिवंडीला गेली. जे राहिले ते स्टेशनच्या किंवा हमरस्त्याच्या गावाला चिकटले. आमच्या अब्बांनी नव्या गावठाणातला प्लॉट बांधला खरा, पण दुकान रेल्वेच्या गावी भाड्याच्या गाळ्यात लावले. आम्हाला शिकायला सोलापूरला मामूंकडे उर्दू शाळेत ठेवले. मराठी आम्ही बाजारात शिकलो, म्हणून आमच्या लिखाणात काही अशुद्ध असेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आता दुसरी बाजू. जे पाणी गाव बुडवून गेले त्याच पाण्याने काठ हिरवा केला. वरच्या माळावर राहिलेल्या शेतकऱ्यांनी मोटारी टाकल्या, पाइपलाइनी ओढल्या. पाणी मागे सरकले की मोटार घेऊन हे लोक त्याच्या मागे चालत जातात आणि उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत पीक घेतात. ऊस आला. करमाळ्यात आदिनाथ आणि मकाई, माढ्यात विठ्ठलराव शिंदे, इंदापुरात कर्मयोगी असे कारखाने उभे राहिले. भिगवणजवळ नव्वदच्या दशकात कागदाचा कारखाना आला. मग गेल्या पंधरा-वीस वर्षांत केळी आली. कंदर, शेटफळ, टेंभुर्णी या पट्ट्यातली जी-नाईन केळी आज खोक्यात भरून आखाती देशांत जाते. इराण आणि दुबईचा भाव कंदरच्या चहाच्या टपरीवर बोलला जातो. आमच्या अब्बांना हे सांगितले असते तर त्यांनी हसण्यावारी नेले असते.

पैसा आला तसे लोक गावठाणातून निघाले. उजनीकाठच्या पसाऱ्याचे खरे रूप हेच आहे, आणि शहरातल्या माणसाला ते दिसत नाही. त्याला वाटते खेडे म्हणजे एका जागी शंभर घरे. आज आमच्याकडे गावठाणात तीस घरे उघडी आणि बाकी सगळे वस्त्यांवर. ज्याच्या मळ्यात पाणी आले त्याने मळ्यातच स्लॅबचे घर बांधले. रात्री-अपरात्री वीज येणार, मोटार चालू करायची, ठिबक पाहायचे, मग गावात राहून काय करायचे? पुनर्वसनाच्या वेळी आखलेले सरळ रुंद रस्ते, मध्ये चावडी, शाळा, सगळे आहे, पण संध्याकाळी तेथे म्हातारी माणसे आणि कुत्री. शिकलेली पोरे चाकण, भोसरी, हिंजवडीला. ती दिवाळीला आणि यात्रेला येतात, आल्यावर वस्तीवर उतरतात आणि तेथूनच परत जातात.

यात आमच्या आठवडी बाजाराचे काय झाले ते सांगतो. पाल ठोकून बसणाऱ्या कापडवाल्याला पूर्वी दिवसभरात अख्खे गाव भेटे. बाईमाणूस भाजी घ्यायला येई आणि जाताना परकराचे कापड बघून जाई. आता वस्तीवरचा माणूस मोटारसायकलवर येतो, मटण-भाजी घेतो आणि दहा मिनिटांत फटफटी चालू. परवा एका जुन्या गिऱ्हाइकाला आम्ही विचारले, ‘काय पाटील, पालाकडे वळून बघत नाही?’ तर म्हणाले, ‘शेठ, केळीचा काटा चालू हाय, गाडी थांबलीय. तुम्हीच या की वस्तीवर, घरातली बघतील.’ त्यांनी सहज म्हटले, पण आम्ही रात्रभर त्याचा विचार केला. अब्बांचे अब्बा घोड्यावर गठडी टाकून गावोगाव फिरत. अब्बांनी त्या फिरतीतून सुटून दुकान थाटले म्हणून घरात मान होता. आता गिऱ्हाईकच म्हणते की गठडी पुन्हा उचला.

त्याहून मोठा फटका बस्त्याचा आहे. कापडवाल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. लग्नाचा एक बस्ता म्हणजे दोन महिन्यांच्या किरकोळ विक्रीएवढा धंदा. पूर्वी दोन्हीकडची माणसे दुकानात गादीवर बसत, चहा होई, मानपानाच्या साड्या-टोप्या निघत, संध्याकाळपर्यंत बस्ता बांधला जाई. आज पुणे-सोलापूर रस्ता चौपदरी झाला, घरोघर चारचाकी आली आणि बस्ता बारामतीला, अकलूजला, थेट पुण्याला जातो. रस्ता माल आणतो तसे गिऱ्हाईकही नेतो. आमच्याकडे आता उरले ते रोजचे कापड, शाळेचा गणवेश, टॉवेल-चादर आणि ज्यांना लांब जायला वेळ किंवा पैसा नाही असे गिऱ्हाईक. पण हे शेवटचे गिऱ्हाईक वाढते आहे, त्याकडे आपले लक्ष नाही.

येथे लुंगी-गमछ्यावर परत येतो. केळीची तोड, धुणे, खोक्यात भरणे हे काम करणाऱ्या टोळ्यांत बंगाल, बिहारकडची पोरे मोठ्या संख्येने दिसतात. पॅकिंगच्या शेडजवळ, शीतगृहाजवळ खोल्या घेऊन आठ-आठ, दहा-दहा जण राहतात. पैकी बरीच आपल्या समाजाची आहेत. ज्या मशिदीत जुम्म्याला दोन सफा पुऱ्या भरत नव्हत्या तेथे आता अंगणात चटया टाकाव्या लागतात. ही पोरे उधारी मागत नाहीत, कारण त्यांना कोणी देत नाही. रोख घेतात, घासाघीस करतात, आणि एकाला माल पसंत पडला की पुढच्या रविवारी दहा जण येतात. आम्ही सुरुवातीला त्यांना सोलापुरी टॉवेल दाखवत होतो. ते हातात घेऊन वजन बघत आणि परत ठेवत. पातळ, लवकर वाळणारा गमछा पाहिजे, एवढी साधी गोष्ट कळायला आम्हाला एक हंगाम लागला. भाषेची अडचण म्हणाल तर आमचे उर्दू त्यांना अर्धे कळते आणि त्यांचे हिंदी आम्हाला.

या मजुरांना खोल्या देणाऱ्या आपल्या बांधवांनी एवढे करावे की भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात लेखी द्यावी आणि पोच ठेवावी. भाडे थोडे आणि डोक्याला ताप जास्त, असे एकदोघांचे झाले आहे.

दुसरे हंगामी गिऱ्हाईक ऊसतोड मजूर. दिवाळीनंतर बीड, धाराशिव, अहिल्यानगरकडून कोयते येतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेऊन आलेली ही माणसे कारखान्याच्या हद्दीत कोप्या घालून चार-पाच महिने राहतात. ताडपत्री, घोंगडी, ब्लँकेट, लहान मुलांचे स्वेटर, बायकांना उसाच्या पातीपासून हात झाकायला पुऱ्या बाह्यांचे शर्ट, हा त्यांचा माल. आमच्या ओळखीच्या एका शिकलगार कारागिराचे वर्षाचे पोट या चार महिन्यांत कोयत्यांना पाणी देण्यावर निघते. अलीकडे ऊस तोडायची यंत्रे फडात दिसू लागली आहेत. त्यांची संख्या वाढली तर या कारागिराने काय करावे, हे आम्हाला त्याला सांगता आले नाही. ठिबकच्या नळ्यांची आणि पॅकिंगच्या सुऱ्यांची कामे तो हल्ली करतो, पण त्यात कोयत्याइतकी मजुरी नाही.

उधारीबद्दल दोन शब्द. ऊसवाल्याची उधारी आणि केळीवाल्याची उधारी एका वहीत ठेवू नये. कायद्याने, म्हणजे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे, उसाचे पैसे १४ दिवसांत मिळायला हवेत. प्रत्यक्षात ते कधी येतील हे शेतकऱ्यालाही ठाऊक नसते आणि तो आपल्याला खोटे बोलतो असेही नाही. केळीवाल्याला पैसा लवकर दिसतो, पण भाव कोसळला तर त्याच्यासारखा अडचणीत कोणी नाही. आम्ही उधारीवर जादा लावत नाही, म्हणून आम्हाला मुदत जपावी लागते. उसाची उधारी होळीच्या पलीकडे धरायची आणि पाडव्यापर्यंत मिळाली तर शुक्र. धरण उणे झाले की नवी उधारी बंद. हा नियम २०१६ च्या दुष्काळात नुकसान सोसून शिकलो. वर्तमानपत्रात उजनीची टक्केवारी रोज येते. शेअरवाला जसा भाव बघतो तशी आम्ही ती बघतो.

पिंजारी बांधवांचे एक उदाहरण मुद्दाम देतो. फोमच्या गाद्यांनी त्यांचा धंदा बसला असे सगळे म्हणतात आणि ते खोटे नाही. पण भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला हिवाळ्यात फ्लेमिंगो पाहायला पुण्याची माणसे येतात. शंभर किलोमीटरचा रस्ता, सकाळी निघून जेवायला मासे. तेथे घरगुती मुक्कामाच्या खोल्या झाल्या, जेवणाची हॉटेले झाली. एका कारागिराने अशा आठ-दहा खोल्यांच्या कापसाच्या गाद्या, उशा आणि त्यांच्या खोळी यांचे काम धरले आहे. दर वर्षी हंगामाआधी गाद्या पिंजून, उन्हात घालून, नव्या खोळी चढवून द्यायच्या. मशीन टेम्पोत घालून तो तेथे जातो. त्याच्या बापाने खांद्यावर धनुकली घेऊन हेच केले होते.

जागेच्या बाबतीत मात्र सावध करणे हे आमचे कर्तव्य आहे, कारण त्यात आमचे हात भाजले. रस्त्याकडेला गाळा काढावा म्हणून आम्ही आणि एका भागीदाराने मिळून दोन गुंठे घेतले. मालकाने सातबारा दाखवला, नाव बरोबर होते, आम्ही नाव वाचले आणि बाकीचे वाचले नाही. ती जमीन पुनर्वसनात मिळालेली, भोगवटादार वर्ग दोनची होती. अशी जमीन वरिष्ठ महसूल अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. शिवाय तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आहे. २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे बागायत दहा गुंठ्यांखाली आणि जिरायत वीस गुंठ्यांखाली तुकडा पाडून विकण्याला आडकाठी होती. २०२५ मध्ये निवासी भागातल्या तुकड्यांसाठी शासनाने सवलतीचे पाऊल टाकले, पण म्हणून शेतातला कोणताही तुकडा मोकळा झाला असे नाही. आमचा व्यवहार स्टँप पेपरवर आणि विश्वासावर झाला होता. आठ वर्षे पैसे अडकले, निम्मे परत आले. मालकाने फसवले असे आम्ही म्हणत नाही, त्यालाही वाटत होते की जमीन आपली आहे. हल्ली ‘पाण्याकाठी प्लॉट’ म्हणून रंगीत पत्रके गावोगाव येतात. पत्रक बाजूला ठेवा, सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचा, आणि मराठी नीट वाचता येत नसेल तर वकिलाला फी देऊन वाचून घ्या.

शेवटचा मुद्दा पुलाचा, आणि आमच्या घरात सध्या वाद चालू आहे तो याच्यावरच. करमाळ्याच्या कुगावातून समोर इंदापूरचा काठ दिसतो, पण रस्त्याने जायचे तर डिकसळ किंवा टेंभुर्णीचा मोठा वळसा. म्हणून लोक वर्षानुवर्षे बोटीने जात. गाठी घेऊन आम्हीही गेलो आहोत, आणि पाण्याच्या मध्यावर वारा सुटला की काय वाटते ते ठाऊक आहे. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा माणसे गेली, त्यात लहान मुलेही होती. शिरसोडी ते कुगाव हा पूल मंजूर होऊन त्याचे काम हाती घेण्यात आले आहे. पूल झाला की बोटीवर जीव टांगायची वेळ येणार नाही, यापेक्षा मोठी गोष्ट नाही. पण धंदेवाल्याने पुढचेही पाहिले पाहिजे. त्या दिवशी करमाळ्याच्या नदीकाठच्या दहा-वीस गावांचा बाजार दिशा बदलेल. आज जे गिऱ्हाईक जेऊर-करमाळ्याकडे तोंड करून आहे ते इंदापूरकडे तोंड करील. पन्नास वर्षांपूर्वी रूळ हलले तेव्हा जे झाले तेच.

आमचा धाकटा मुलगा म्हणतो, पुलाच्या तोंडाशी आत्ताच गाळा भाड्याने धरू, उद्या भाडे दुप्पट होईल. थोरला म्हणतो, पुलाच्या तोंडाशी कोणी थांबत नाही, गाड्या वरून जातात, रेल्वे फाटकाजवळच्या आपल्या जुन्या दुकानासमोर उड्डाणपूल झाला असता तर काय झाले असते? दोघांचेही म्हणणे आम्हाला पटते. म्हणून सध्या गाळा घेतलेला नाही. जुना टेम्पो दुरुस्त केला, आत फळ्या मारल्या, आणि आठवड्यातून तीन दिवस धाकटा वांगी, कुगाव, ढोकरी बाजूच्या वस्त्यांवर माल घेऊन जातो. सोबत भाभी, म्हणजे थोरल्याची बायको, कारण घरातल्या बायका पुरुषासमोर ब्लाउजपीस निवडत नाहीत. त्याला एक कोरी वही दिली आहे. विक्री किती झाली ते त्यात लिहायचे नाही, ते आम्ही गल्ल्यावरून बघतो. प्रत्येक वस्तीवर घरे किती, माणसे किती, पोरे कोठे कामाला, आणि गेल्या लग्नाचा बस्ता कोणत्या गावी बांधला, एवढेच लिहायचे. पहिल्या दोन महिन्यांत एक्केचाळीस वस्त्या झाल्या आहेत. पैकी सत्तावीस वस्त्यांच्या बस्त्यापुढे इंदापूर किंवा बारामती असे लिहिले आहे, आणि पूल अजून झालेला नाही.